नवऱ्यांची हजेरी

या लिखाणात मी कोणाचंही नाव घेणार नाही. माझंही नाही. बुलढाणा काही फार मोठं गाव नाही, त्यामुळे वाचता वाचता कोणाला कोणाची ओळख पटलीच, तर त्यांनी गालातल्या गालात हसावं आणि गप्प बसावं. आमच्याकडे गप्प बसणं कोणाला जमत नाही हे मला ठाऊक आहे. मला तर मुळीच जमत नाही. पण विनंती करायला काय जातं?

माझं मॅचिंग सेंटर आहे. पुढे काउंटर, त्यामागे परकरांचे आणि ब्लाऊजपीसचे गठ्ठे, मग एक फुलाफुलांचा पडदा आणि पडद्याआड फॉल-पिकोचं मशीन. साडीला रंग जुळवायला आलेली बाई काउंटरवर हात टेकते. मी पोपटी रंगाच्या सगळ्या छटा एकेक करून तिच्यासमोर उलगडते. तिसऱ्या-चौथ्या छटेपर्यंत बोलण्यात तिची सासू येते, त्यानंतर नवरा. शाळेत असताना मी गॅदरिंगची नाटकं गाजवली होती. एका नाटकात राजाचंही काम मीच केलं आणि त्याच्या विधवा आईचंही. पुढे वाट्याला आला कापडाचा धंदा आणि मोजकंच बोलणारा नवरा. मग मी काउंटरलाच रंगमंच केलं. गिऱ्हाइकांच्या सासवांच्या नकला मी त्यांच्याच सुनांना करून दाखवते. धंदा चांगला चालतो.

तर आमचा एक ग्रुप आहे. फोनवरचा, फक्त बायकांचा. सुरुवातीला गल्लीतल्या हळदीकुंकवाच्या निरोपासाठी काढला, मग एकीने बहिणीला घेतलं, तिने जावेला, जावेने माहेरच्या शेजारणीला, आणि बघता बघता तो चिखली, मेहकर, पार दुसरबीडपर्यंत पसरला. त्यात कोण कोण आहे हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. बहुतेक बायकांचे फोन नवऱ्याने घेतलेले, नाहीतर मुलाने वापरून जुना झाल्यावर आईला दिलेले. नावाच्या जागी कुठे मुलाचं नाव, कुठे किराणा दुकानाचं, कुठे नुसतं एक टिंब. त्यामुळे आम्ही एकमेकींना फोटोवरून हाका मारायचो. गणपतीवाली, बाळवाली, तुळशीवाली, कढईवाली. मी पोपटवाली. गुलाब मात्र इतके होते की लाल गुलाब, पिवळा गुलाब, दव पडलेला गुलाब असं म्हणावं लागे.

नाव नसल्यामुळे बायका बोलायच्या. "पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात, हे फक्त मलाच होतं का?" असं एका तुळशीने विचारलं आणि तासाभरात सगळी बाग बोलायला लागली. एकीने विचारलं, नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, पण हिरवी साडी नेसावीशी वाटते, त्यात काही वाईट आहे का? पोपटाने उत्तर दिलं, नेस. पुढच्या आठवड्यात एक अनोळखी बाई दुकानात हिरव्या साडीवर ब्लाऊजपीस मागायला आली. ती तीच होती का हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. रंग मात्र असा जुळला की मीच खूश झाले.

कढईवाली ग्रुपवर डिंकाचे लाडू, मुगवड्या आणि शेवया विकायची. ग्रुपमध्ये तिचा चेहरा एकट्या मला माहीत होता, कारण ती सकाळी डबे माझ्या दुकानात ठेवून जायची आणि गिऱ्हाइकं दिवसभरात येऊन उचलायची. माहेर दुसरबीडचं, सासर डोणगावकडचं. सासर तिने सोडलं होतं. का सोडलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, हे माझ्या जावेला अजूनही खरं वाटत नाही.

तिच्या नवऱ्याबद्दल मात्र तिने एकदा सांगितलं होतं. "तो मारत नाई काकू, दारूबी पेत नाई. तो रडते." सासर सोडून ती आधी मेहकरला एका खानावळीत पोळ्या करायला राहिली होती. त्याला पत्ता लागला. तो आला आणि खानावळीच्या पायरीवर बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आपली कहाणी सांगायचा, गळा काढायचा. लोक जेवण सोडून ऐकायचे. मालकाने दोन-चार दिवस पाहिलं आणि हिला हात जोडले, "बाई, तू चांगली आहेस, पण माझं हॉटेल आहे, तमाशाचा फड नाही." मग ती बुलढाण्याला आली. इथे कोणी ओळखत नव्हतं. पण पुढे तिच्या नणंदेच्या नवऱ्याची बदली बुलढाण्यालाच झाली, आणि ती नणंद कोणाच्या तरी ओळखीने नेमकी आमच्या ग्रुपवर आली. तिचा फोटो अगदी उघडा, दोन लेकरांना मांडीवर घेतलेला. कढईवालीने पाहताक्षणी ओळखलं. तेव्हापासून ती बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ बांधायची. आमच्याकडे स्कूटीवरच्या सगळ्याच बायका बांधतात, त्यामुळे कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. कहर म्हणजे ही नणंद तिच्या लाडवांची पक्की गिऱ्हाईक होती. डबा न्यायला माझ्याच दुकानात यायची. लाडू कोणाचे हे तिला ठाऊक नाही, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

ग्रुपच्या मुख्य अॅडमिन म्हणजे आमच्या मॅडम. साहेब मोठे सरकारी अधिकारी होते. बदल्यांमधून फिरत इथे आले, निवृत्त झाले आणि इथेच बंगला बांधून राहिले. मॅडम पुण्याकडच्या. 'मले-तुले' ऐकलं की त्यांच्या भुवया वर जातात, पण मनाने चांगल्या आणि हात सढळ. संक्रांतीला त्यांनी बंगल्यावर सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून फिरकीच्या झाकणाची एक गुलाबी डबी दिली. बायका घरी गेल्या, आणि ग्रुपवर पिवळ्या गुलाबाने लिहिलं, "वाण छान. मागच्या वर्षी मीच यांना दिलं होतं."

मी दुकानात एकटीच इतकी हसले की समोरचा औषधवाला पाणी घेऊन आला.

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मॅडमनी पिवळ्या गुलाबाला गाठायला फोन हातात घेतला, तर तोवर पिवळा गुलाब जाऊन तिथे सूर्योदय आला होता, आणि तो नंबर कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा लांबलचक निरोप आला. ज्यांना स्वतःच्या नावाची लाज वाटते त्यांची या परिवारात गरज नाही. रविवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकीने आपलं संपूर्ण खरं नाव, म्हणजे स्वतःचं, पतीचं आणि आडनाव, स्वतःच्या आवाजात बोलून ग्रुपवर पाठवावं. लिहिलेलं चालणार नाही. जी पाठवणार नाही ती बाहेर.

मॅडमचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मागच्या उन्हाळ्यात एका बिनचेहऱ्याच्या नंबराने एका मुलीच्या ठरलेल्या सोयरिकीबद्दल वाटेल ते लिहिलं होतं. सगळं खोटं. ती सोयरीक मोडता मोडता वाचली, आणि मुलीची आई माझ्या काउंटरवर डोकं टेकवून रडली. लिहिणारी सापडली असती तर मी स्वतः तिला कात्री दाखवली असती. पण खरं नाव लावलं की माणूस नीट वागतो, हेही मला पटत नाही. माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप आहे. सगळे खऱ्या नावाने, नावामागे हुद्दा, फोटो कोट घालून. आणि रोज सकाळी सुविचार टाकून झाला की एकमेकांचा जो उद्धार करतात तो मला या लिखाणात देता येणार नाही. आमच्या गुलाबांनी तसलं कधी लिहिलं नव्हतं.

निरोप आला त्याच दुपारी कढईवाली दुकानात आली. स्कार्फही सोडला नाही.

"काकू, मी जाते ग्रुपातून."

"काऊन वं? सगळे लाडू काय मी एकटीने खायचे?"

"आवाज टाकला का ती ओळखते. तिच्या लग्नापर्यंत एका घरात राह्यलो आम्ही. तिचे केस मीच विंचरून देत होती. अन् पुरं नाव टाकलं तं विचारूच नका. तिच्या दादाच्या, माह्या नवऱ्याच्या कानावर गेलं का तो येते, अन् थ्या तिथं बसते." तिने औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. त्या पायऱ्या खरंच बसायला फार सोयीच्या आहेत.

"अन् ग्रुप सोडला तर लाडू कोण घेईल?"

"तेच तं."

मला तर हे आमंत्रणच वाटलं. मी म्हटलं, "फोन आण इकडे. तुझ्या फोनवरून मी बोलते." आणि लगेच तिला नमुने काढून दाखवले. एक चिरका आवाज, एक नाकातला, एक नुकतीच दातांची कवळी बसवलेल्या बाईचा. ती इतकी हसली की स्कार्फ सुटला. हसणं संपल्यावर म्हणाली, "अन् नाव कोणाचं घ्याल?"

"कोणाचंही घेऊ. नवऱ्यांची काय कमी आहे जिल्ह्यात?"

"नाई काकू. एका खऱ्याचं नाव लावून पाह्यलं. आता खोट्याचं कायले लावू?"

मी तिचा सुटलेला स्कार्फ उचलून तिच्या हातात दिला. मी तिला एवढंच म्हटलं की रविवारपर्यंत थांब, ग्रुप सोडू नको. मनात काही योजना नव्हती. पण नाटकात पुढचं वाक्य आठवेना की मी अशीच हात वर करून ठामपणे उभी राहायची, आणि कोणीतरी पडद्यामागून सांगायचंच.

इथे ते सांगितलं एका म्हाताऱ्या आजीने. बाळवाली, म्हणजे पणतूचा फोटो असलेली. तिचा निरोप सगळ्यांत आधी आला. आधी बराच वेळ खोकला, मग मागे कोणीतरी "बोल नं आजे, लाल बटन दाबलं" म्हणालं, आणि मग आजीचा खणखणीत आवाज.

"नाव घ्या म्हनते मॅडम. आता घरधन्याचं नाव सरळ कसं घेऊ? त्यायचं आयुष्य कमी होते. आयका मंग. कपाशीच्या बोंडाले पांढराशुभ्र कापूस..." आणि पुढे अमुकराव घोरतात जसा आषाढातला पाऊस.

रावांचं नाव मी गाळलंय. आजीने मात्र असं ठसक्यात घेतलं की त्यांना आणखी वीस वर्षांचं आयुष्य मिळालं असावं.

झालं. एकदा उखाणा सुरू झाला की आमच्याकडे तो थांबवणं पोलिसांनाही जमणार नाही. नवऱ्याचं नाव उघडपणे घ्यायचं नाही, घ्यायचं तर यमकात गुंडाळून घ्यायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मॅडमनी मागितलं होतं खरं नाव. बायकांच्या कानावर पडलं ते एवढंच, की नाव घ्या. आणि नाव घ्या म्हटलं की बाई काय करते? लाल गुलाबाने पाठवलं, "बुलढाण्याच्या थंडीत शेकोटीची धग, अमुकरावांनी रिचार्ज मारला म्हणून दिसते जग." लगेच दव पडलेला गुलाब तिच्या वरचढ. मेहकरची एक, चिखलीच्या दोघी जावा एकत्र, एक बाई तर शेतातून, मागे स्प्रिंकलरचा आवाज. ज्यांचे नवरे आता नाहीत त्यांनीही घेतलं, आणि कोणी ब्र काढला नाही. उलट एकीला आग्रह झाला, अजून एक घ्या.

आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या आपा आहेत. त्या दुकानात येऊन मला म्हणाल्या, "बाजी, मैं क्या बोलूं? हमारे में भी नाम नहीं लेते. आज तक बच्चों के अब्बाच बोली मैं."

"तो वोच बोलो."

त्यांनी माझ्यासमोर उभं राहून, डोक्यावरची ओढणी नीट करून रेकॉर्ड केलं. "सुई में धागा, धागे को गाँठ, बच्चों के अब्बा सोये, तो घर में ठाठ!" तो उखाणा शनिवारभर जिल्ह्यात फिरला. दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि तिथून आपांच्या नवऱ्याच्याच फोनवर परत आला. त्यांनी ऐकला आणि विचारलं म्हणे, "ये किसकी बीवी है?"

खुद्द मॅडमना राहवलं नाही. आधी त्यांनी दोनदा लिहिलं, "कृपया विषयाला धरून नाव सांगावे." मग शनिवारी दुपारी त्यांचाच आवाज आला, जरा लाजलेला, शुद्ध पुणेरी. "चांदीच्या वाटीत केशराची काडी, अमुकसाहेबांनी सोडली सरकारी गाडी." त्यावर बायकांनी टाळ्यांचा इतका पाऊस पाडला की पिवळा गुलाब आणि गुलाबी डबी दोन्ही वाहून गेले, असं मला वाटलं.

पण मॅडम एका अधिकाऱ्याच्या बायको होत्या. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "जरा बंगल्यावर येता का? तुम्हाला सगळ्यांचे आवाज ओळखू येतात."

मी गेले. त्या डायनिंग टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या, शेजारी साहेब पेपर वाचत होते.

"सकाळपासून एकेक ऐकतेय," मॅडम म्हणाल्या. "आणि आता बघते तर सगळे रावच! अमुकराव, तमुकराव. एकाच नावाचे तर सात-आठ राव आहेत. बाई एकही नाही!"

"मॅडम, उखाण्यात बाईचं नाव कुठं येतं?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. पेपरमागून साहेब म्हणाले, "म्हणजे हजेरी बायकांची बोलावली, आणि लागली नवऱ्यांची."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो माझा प्रांत नाही. मॅडमही थोडं हसल्या, मग सावरल्या. "हसू नका. आता मी प्रत्येकीला आधार कार्डाचा फोटो मागणार आहे. लपवायचं काही नसेल तर नाव सांगायला अडचण काय?"

माझ्या जिभेवर कढईवालीची सगळी कहाणी येऊन बसली होती. सांगितली असती तर मॅडम विरघळल्या असत्या, आणि उद्या ती ग्रुपभर झाली असती. मी आयुष्यात एवढं काही गिळलं नसेल. त्याऐवजी तोंडातून निघालं, "मॅडम, तुमचं नाव काय हो?"

"माझं?" त्या थांबल्या. "कोणतं?"

साहेबांनी पेपर खाली घेतला. "कोणतं म्हणजे?"

"म्हणजे आधार कार्डावरचं तुम्ही ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलंत ते. आमच्या घरी मला दुसऱ्याच नावाने हाक मारायचे."

"कोणत्या?"

मॅडमनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, पण छोटं आणि गोड नाव होतं, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलीचं असावं तसं. साहेबांनी पेपराची घडी घातली. "हे मला माहीत होतं का?"

"पत्रिकेत छापलं होतं," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर चहा झाला, चिवडा झाला. मॅडमनी आधार कार्डाचा विषय परत काढला नाही. पण हट्टही सोडला नाही. "म्हणजे कोणीही यावं आणि काहीही लिहून जावं? परत एखाद्या मुलीबद्दल कोणी लिहिलं तर जबाबदार कोण?"

प्रश्न बरोबर होता. मी जरा विचार करून म्हटलं, "मॅडम, आमच्या खेड्यात अनोळखी माणूस उतरला की त्याला नाव कोणी विचारत नाही. विचारतात, कोणाकडे आले? म्हणजे इथलं कोणीतरी म्हणालं पाहिजे, की माझ्याकडचा आहे. मग त्याने गावात काही उद्योग केला, तर ज्याच्याकडे आला त्याने निस्तरायचं."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. जामीन."

हे मॅडमना पटलं. शब्द साहेबांचा होता म्हणूनही असेल. ठरलं असं, की ज्या बायकांचं नाव माहीत नाही त्यांचा एकेक फोटो मॅडम ग्रुपवर विचारतील, आणि ग्रुपमधल्या कोणीतरी एकीने सगळ्यांसमोर लिहायचं, मी ओळखते. पुढे तिने काही वेडंवाकडं लिहिलं तर जाब ओळखणारीला. कोणीच ओळखलं नाही तर बाहेर. मी मनातल्या मनात स्वतःची दृष्ट काढली. कढईवालीला मी ओळखतेच की. घरी न जाता सरळ दुकानात गेले आणि तिला बोलावून घेतलं. ती आली, स्टुलावर बसली. सगळं ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेना.

"मॅडमनं अजून काही विचारलं तं?"

"तर मी आहे नं. तू फक्त बघत राह्य."

मॅडमनी काम शिस्तीत सुरू केलं. तुळशीवालीला कोण ओळखतं? तिच्या जावेने हात वर केला. सूर्योदयाला कोण ओळखतं? कोणीच बोलेना, आणि सूर्योदय पाच मिनिटांत आपणहून मावळला. माझ्या माहितीप्रमाणे ती बाई आता कमळ होऊन परत आली आहे, पण ते असो. मग आलं, "कढईवालीला कोण ओळखतं?"

मी चष्मा लावला. मी एका बोटाने टाइप करते, त्यामुळे वेळ लागतो. 'मी ओ' पर्यंत पोहोचले होते, तोवर खालून एक निरोप वर आला. दोन लेकरं मांडीवर घेतलेला फोटो, आणि पुढे फक्त दोन शब्द.

"मी ओळखते."

मॅडमनी अंगठा दाखवला आणि पुढच्या फोटोकडे गेल्या. ग्रुपमध्ये कोणाला काहीही वाटलं नाही. इथे दुकानात कढईवालीने माझ्या हातातून फोन घेतला, तो फोटो मोठा करून पाहिला आणि मला परत दिला.

"झालं," ती म्हणाली. "आता तो येते."

मी तिला खूप समजावलं. कदाचित चुकून लिहिलं असेल, लाडवांची ओळख म्हणून लिहिलं असेल. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता. ती घरी गेली आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळेला परत आली, डबे उचलून न्यायला. खोली सोडायची म्हणत होती. कुठे जाणार हे तिलाही माहीत नव्हतं. दुसरबीडला भावाकडे जाता येत नव्हतं, तिथे तर तो आधीच जाऊन बसून आला होता.

ती डबे पिशवीत भरत असताना मी रस्त्यावर पाहिलं, आणि तिला हाताला धरून पडद्यामागे ढकललं. नणंद येत होती. एकटीच. औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या रिकाम्या होत्या, तेही मी पाहून घेतलं.

"काकू, माह्या डबा."

"कोणता हो डबा?" मी विचारलं. इतकी वर्षं नकला करतेय, पण एवढं वाईट काम मी शाळेतही केलं नव्हतं.

"लाडवाचा. दर खेपेले नेते तो."

"हां, त्या कढईवालीचा. तुम्ही ओळखता म्हणे तिला?"

मी पिशवीतून काढून दिलेला डबा तिने काउंटरवरच उघडला, एक लाडू फोडला आणि अर्धा तोंडात टाकला. नीट चावून खाल्ला. "डिंक अर्धा चुरून टाकते, अर्धा अख्खा. दाताखाली वाजला पाह्यजे म्हने. आमच्या घरी तसा लाडू एकीच्याच हातचा होय. पह्यल्या डब्यालेच समजलं मले."

"पहिल्या? म्हणजे दिवाळीच्या आधी?"

"हाव."

"आणि तुमच्या भावाला?"

"दादाले मालूम नाई." तिने बोटं पदराला पुसली. "दादा येते माह्या घरी. येते, बसते, माह्या फोन हातात घेते अन् पाहत राह्यते. म्हनून मी तिले कधी फोन नाई केला, चिठ्ठी नाई धाडली. नुसती ऑर्डर देते. डबा वेळेवर आला का समजते, बाई बरी हाय. मॅडमनं पुरं नाव टाका म्हनलं. त्या दिशी फोन दादाच्या हातात होता. तिनं टाकलं असतं तं? म्हनून काल मीच आधी लिहिलं, म्हंजे मॅडम तिले अजून काई विचारत नाई."

हे सगळं ती मला सांगत होती, पण पाहत होती माझ्या मागे. मी वळून पाहिलं. माझा पडदा धुऊन धुऊन आटला आहे, खाली चांगला वीतभर तोकडा. त्याच्याखाली दोन पाय दिसत होते, चपलेसकट, एकमेकांना चिकटून उभे. नणंदेने ते आल्या आल्याच पाहिले असणार.

माझ्या दुकानात झालेला हा सगळ्यात चांगला प्रवेश, आणि त्यात मला एकही वाक्य नव्हतं. मी ब्लाऊजपीसची घडी मोडून परत घालत राहिले.

नणंदेने डब्याचं झाकण लावलं. आपली पिशवी उचलली, मग परत खाली ठेवली.

"तिले सांगा काकू," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "या खेपेले लाडू जरा जास्त गोड झाले."

पडदा हलला नाही. मग आतून, घसा खाकरून, हळूच आवाज आला.

"गूळच तसा आला होता, ताई."

नणंदेने काउंटरखालचं स्टूल ओढलं आणि बसली.